ह्यूज 269
हलके, दोन आसनी अमेरिकी हेलिकॉप्टर. ह्यूज टूल कंपनीच्या विमान विभागाने 1955 मध्ये आखणी हाती घेतली. ऑक्टोबर 1956 मध्ये पहिले उड्डाण झाले. पिस्टन इंजिनाची शक्ती तीन पात्यांच्या रोटरकडे पट्ट्यांमार्फत जाते. इंजिन सुरू करताना पट्टे सैल असतात. ते ताणले की पाती फिरू लागतात. नवशिक्यांसाठी इतके सोयीचे यंत्र विरळाच. अमेरिकी लष्कराने 1964 मध्ये प्रशिक्षणासाठी ते ‘टीएच-55 ओसेज’ नावाने निवडले. पुढे तीन आसनी ‘300’ आले. 1983 मध्ये श्वायझर कंपनीने परवान्यावर उत्पादन सुरू केले आणि 1986 मध्ये सर्व हक्क घेतले. 2004 मध्ये ही कंपनी सिकॉर्स्कीकडे गेली. 2018 पासून हक्क टेक्सासमधील श्वायझर आरएसजीकडे आहेत.