नावे अनेक, नंबर एक



वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन बाया भरती झाल्या की आम्ही नर्सेस आधी मनगटावरच्या पट्टीचा नंबर बघायचो, मगच इंजेक्शन. जुन्या वास्तूंचेही तसेच आहे.

परवा नातवाने जुना फोटो काढला. मागे माझ्या आईने लिहिलेले : 'आमची जुनी मशीद'. मी वाचून दाखवले, तर तो विचारतो, "आजी, आपण मुसलमान होतो?" मुंबईचे हे पहिले प्रार्थनालय सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, यांनी १७९६ साली बांधले, आजच्या जागी ते १८६० मध्ये आले. हिब्रूत 'शाअर हारहमीम', इंग्रजीत 'गेट ऑफ मर्सी', आपल्या बोलीत मशीद. मशीद बंदर हे नावही त्यावरूनच पडले, असे म्हणतात. नातू चुकला, तसा यादी करणारा कारकूनही चुकेल.

कायद्याचे शब्दही देशोदेशी वेगळे. भारताच्या १९५८ च्या कायद्यात शंभर वर्षांची वास्तू 'प्राचीन' ठरू शकते. संरक्षण मात्र सरकारने तसे जाहीर केल्यावरच. इथे इस्राएलात १९७८ च्या कायद्याने १७०० सालापूर्वीचे बांधकाम ते पुरातन. नंतरचे असेल तर मंत्र्याने खास जाहीर करावे लागते. म्हणजे आपली १७९६ ची मशीद तिथे वयाने बसते, इथे बसली नसती. मुंबईच्या १९९५ च्या नियमावलीत ग्रेड एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. इंग्लंडमध्ये एक, दोन-तारांकित आणि दोन. नुसते 'ग्रेड दोन' म्हणून काय कळणार?

म्हणून यादीचा नंबर हवा. बोरीबंदरचे स्टेशन पाहा. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडले गेले. २००४ साली जागतिक वारसा यादीत मिळालेला ९४५ हा क्रमांक मात्र तोच आहे. नावावरून भांडा, पण शोधायला नंबर पक्का.

कोकणातल्या आपल्या गावांत आता थोडीच घरे उरली. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन आबोथ दाखवायला तरी माणसे आहेत. बाकी ठिकाणी नावे जाणणारी पिढी संपत चालली. तेव्हा घरातले फोटो काढा आणि प्रत्येकामागे लिहा : वास्तूची सगळी नावे, गाव-तालुका, साल, संरक्षित असेल तर कोणत्या कायद्याने, कोणत्या यादीत, कोणत्या नंबरने. मशीद हा शब्द खोडू नका. तो आपलाच आहे. त्याच्याशेजारी 'प्रार्थनालय' एवढे लिहा.

आईच्या अक्षराखाली मी तेच लिहिले.