टायबरच्या काठचा यशवंत

आमच्या नृसिंहवाडीत मरणालाही एक ठरलेली वाट आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर गावोगावचे लोक अस्थी घेऊन येतात, विधी होतात, मडकं नदीत रिकामं होतं आणि घरची माणसं परत जातात. हे बघतच मोठा झालो म्हणून असेल, पण युद्धात पडलेल्या सैनिकाबद्दल वाचताना माझ्या मनात पराक्रमाआधी दुसराच प्रश्न येतो : घरच्यांच्या हाती काय आलं?

नाईक यशवंत घाडगे कोकणातला, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जन्म 16 नोव्हेंबर 1921. पलटण 3/5 मराठा लाइट इन्फंट्री. (वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, म्हणून अरेतुरे करतोय.) या रेजिमेंटचं केंद्र बेळगावला. आमच्याकडून बेळगाव लांब नाही, त्यामुळे त्या गणवेशातले फोटो आमच्या भागातल्या भिंतींवरही दिसतात.

10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन सैन्य टेकड्या धरून बसलं होतं. चढाईत यशवंतच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तो सोडून सगळे ठार किंवा जखमी. तो थांबला नाही. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपवले, टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्यानं जिंकलेल्या त्या मोर्चातच तो गेला. वय 22.

2 नोव्हेंबरला 'लंडन गॅझेट'मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या सन्मानपत्रात शेवटची काही मिनिटं बारकाईनं आहेत. घराबद्दल अवाक्षर नाही. पदकांच्या कागदांची रीतच तशी. मला मात्र तो कागद अर्धा वाटतो, कारण पदक घ्यायला यशवंत नव्हता. 3 मार्च 1945 रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी ते त्याच्या पत्नीच्या हाती दिलं. पळसगावहून लाल किल्ला! वीस-बावीस वर्षांच्या नवऱ्याच्या जागी कांस्याचा एक क्रॉस.

त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळवला आणि जिवंत घरी आले. दोघांची नावं एका दमात घेतली जातात, पण दोन घरांत एकच पदक अगदी वेगळं दिसलं असणार.

यशवंतचा देह गावी आला नाही. इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ सांग्रो नदीच्या युद्ध दफनभूमीत, अग्नी दिलेल्या हिंदी सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे. त्यावर पाचशेहून जास्त नावं, त्यांत त्याचं एक. आमच्याकडे देह हाती नसला की दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात. वाडीत ही सोय सगळ्यांना माहीत आहे. दूरच्या लढायांनी ती किती घरांना वापरायला लावली, हे मात्र कुठल्या गॅझेटमध्ये छापत नाहीत.

माणगावला त्याचा पुतळा आहे. आणि जुलै 2023 मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावानं त्याच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं.