ईदच्या दस्तरखानावर सगळ्यांना जागा: दूध आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी माहिती

रमजान लागला की पुण्यात कोंढव्याचं कौसरबाग, गंज पेठेतला मोमीनपुरा आणि कॅम्पातला बाबाजान दर्ग्याचा परिसर संध्याकाळनंतर गजबजून जातो. फालुदा, रबडी, मलई कबाब, शीरमाल, हलीम... यातल्या बहुतेक पदार्थांत कुठे ना कुठे दूध, दही, तूप किंवा मलई असतेच. ईदची सकाळ तर शीरखुर्म्याचीच. त्याच्या नावातच दूध आहे: फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर.

ज्या घरात दूध न चालणारं मूल आहे, त्या घरच्या अम्मीला ईदच्या दिवशी एक प्रश्न दहा घरांत ऐकावा लागतो: “एक चमचा खाल्ला तर काय होतंय?” विचारणारी खाला किंवा फुफी प्रेमानेच विचारते. पण उत्तर प्रत्येकासाठी सारखं नसतं. कुणाला त्या एका चमच्याने काहीच होत नाही, तर कुणाला तोच चमचा थेट हॉस्पिटलमध्ये नेऊ शकतो. म्हणून आधी हा फरक समजून घेऊ.

दूध पचत नाही आणि दुधाची ॲलर्जी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा लॅक्टेज हा घटक अनेकांच्या शरीरात वयाप्रमाणे कमी होत जातो. मग दूध प्यायलं की पोट फुगतं, गॅस होतो, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. अशा माणसाला थोडं दही किंवा चहातलं दूध बऱ्याचदा चालून जातं. बाजारात मिळणारं लॅक्टोज-फ्री दूधही चालतं.

ॲलर्जीचं तसं नाही. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती दुधातल्या प्रथिनांनाच (केसीन आणि व्हे) शत्रू समजते. काही मिनिटांत किंवा साधारण दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, खोकला किंवा दम लागतो. इथे चमचाभरही जास्त होऊ शकतं. लॅक्टोज-फ्री दुधात प्रथिनं तशीच राहतात, त्यामुळे ते चालत नाही. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. आणि “बकरीचं दूध हलकं असतं, ते द्या” हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. गाईच्या आणि बकरीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना दुसरंही बाधतं.

लहान मुलांची दुधाची ॲलर्जी वाढत्या वयात अनेकदा जाते. पण गेली की नाही हे ईदच्या दिवशी घरी चाखवून बघायचं नसतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तपासतात.

बिनदुधाचा खुर्मा

दुधाला पर्याय शोधायला लांब जायची गरज नाही. कोकणी मुस्लिम घरांत तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं सांदण पिढ्यान्‌पिढ्या होतं. तेच नारळाचं दूध खुर्म्याला छान लागतं.

पाच-सहा जणांसाठी दोन मोठ्या ओल्या नारळांचा चव कोमट पाण्यात वाटून, गाळून आधी एक कप घट्ट दूध काढा. त्याच चवात पुन्हा पाणी घालून तीन कप पातळ दूध काढा. रात्रभर भिजवलेल्या 10-12 खारकांचे काप करून पातळ दुधात मऊ शिजवा. 100 ग्रॅम बारीक शेवया थोड्या तेलावर लालसर भाजून त्यात सोडा. चार-पाच चमचे साखर आणि वेलची घाला. शेवया शिजल्या की गॅस बंद करून घट्ट दूध मिसळा. घट्ट दूध उकळलं तर फुटतं, म्हणून ते शेवटीच. खारीक नसेल तर खजूर चालेल, फक्त तो नंतर टाका.

सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम-पिस्त्याऐवजी भाजलेलं मगज किंवा सूर्यफुलाचं बी वापरा. पण ज्याला बियांचीही ॲलर्जी आहे त्याला नको. काजूची ॲलर्जी असणाऱ्याला बहुधा पिस्ताही चालत नाही. चारोळीही त्यांच्याच कुळातली, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. गव्हाचं चालत नसेल तर तांदळाच्या किंवा नाचणीच्या शेवया घ्या, पण पाकिटावर गहू किंवा मैदा मिसळलेला नाही ना ते वाचा.

बिर्याणी आणि बाकीचं जेवण

एक किलो मटणाला दह्याऐवजी तीन-चार टोमॅटो, दोन लिंबांचा रस आणि चमचाभर कच्च्या पपईचं वाटण लावलं तरी मटण मऊ होतं. कांदा तेलात तळा, केशर दुधाऐवजी कोमट पाण्यात भिजवा, दमाला तूप सोडू नका. रायत्याऐवजी कचुंबर द्या.

इफ्तारला खजूर, फळं, चणे आणि पाण्यातलं गुलाब सरबत यांत सहसा दूध नसतं. गव्हाचा त्रास असणाऱ्यांनी हिंग बघून घ्यावा, बाजारी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. बाहेरचे समोसे-भजी एकाच कढईत तळले जातात हेही लक्षात ठेवा. मावा केक आणि श्रूजबेरी बिस्किटात तर मावा, लोणी असतंच.

रोज दूध न घेणाऱ्या मुलाला कॅल्शियम कुठून मिळणार? 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. सहरीला नाचणीची भाकरी किंवा आंबील उत्तम. तरीही लहान मुलाचं दूध पूर्ण बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पाकीट वाचताना

हिरव्या ठिपक्याचा अर्थ पदार्थ शाकाहारी आहे एवढाच. त्यात दूध असू शकतं. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे जीव, शेंगदाणे, सुका मेवा, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्यं आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची माहिती पाकिटावर द्यावी लागते. तीळ मात्र या यादीत नाही, म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर सगळे घटक वाचा. केसिनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स, बटर ऑइल हे सगळे दुधाचेच प्रकार. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्येही केसिनेट असू शकतं.

मेहमान येणार असतील तर

- दावत देतानाच विचारा: “घरात कुणाला काही चालत नाही का?”
- बिनदुधाचं भांडं सगळ्यात आधी शिजवा आणि झाकून वेगळं ठेवा. त्याचा चमचा दुसऱ्या भांड्यात जाऊ देऊ नका.
- त्या मुलाला आधी वाढा. नंतर उष्ट्या चमच्यांची सरमिसळ होते.
- नक्की माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. “बहुतेक नाही घातलं” हे उत्तर धोक्याचं.

मुलाला घेऊन ईद मिलायला जाणाऱ्यांनी त्याचा डबा सोबत न्यावा, त्यात लाज कसली? प्रेषित ﷺ अन्नाला कधी नावं ठेवत नसत, आवडलं तर खात, नाहीतर राहू देत, असं हदीसमध्ये येतं. मेजबानांनीही नकाराचं वाईट वाटून घेऊ नये.

त्रास झालाच तर

दम लागला, आवाज बसला, जीभ-घसा सुजला, चक्कर आली किंवा मूल निपचित पडू लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते शिकवल्याप्रमाणे लगेच द्या. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. 108 वर फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी हॉस्पिटल गाठाच, कारण त्रास काही तासांनी परत उलटू शकतो.

या ईदला मोठ्या पातेल्याशेजारी नारळाच्या दुधाचं एक छोटं पातेलंही चढवा. कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या वाट्यांकडे बघणाऱ्या लेकरासाठी तीच खरी ईदी.