खुशरू लॉज आणि प्लेगची लस

मुंबईतल्या मुसलमानांचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा इतिहास सांगताना लेखणी बहुधा दोनच ठिकाणी थांबते. एक १८९३ ची दंगल आणि दुसरे १९०६ चे सिमल्याचे शिष्टमंडळ. मधली तेरा वर्षे जणू घडलीच नाहीत. वास्तविक त्या तेरा वर्षांत या शहराने प्लेग पाहिला, निम्मे शहर ओस पडलेले पाहिले, आणि त्या प्लेगवरची लस माझगावातल्या एका मुस्लिम धनिकाच्या वाड्यात तयार होतानाही पाहिली. आमच्या पाहण्यातल्या मराठी पुस्तकांत या वाड्याला ओळ-दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही.

वाड्याचे नाव खुशरू लॉज. मालक तिसरे आगाखान, सुलतान मोहम्मद शाह. तेच पुढे सिमल्याच्या शिष्टमंडळाचे नेते आणि मुस्लिम लीगचे अध्यक्ष झाले. त्यांच्या राजकारणाविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. नवाब आणि जमीनदारांच्या हिताला ‘कौमचे हित’ म्हणण्याची जी सवय या देशात लागली, तिच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता. शिवाय ते इस्माइली, त्यामुळे आमच्या काही सुन्नी वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील हेही आम्ही जाणतो. परंतु १८९७ साली हा माणूस अवघा वीस वर्षांचा होता, आणि त्या वयात त्याने जे केले ते त्याच्या उरलेल्या राजकीय कारकिर्दीपेक्षा आम्हाला मोलाचे वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, कच्छी, मेमन, खोजा, जैन व्यापाऱ्यांची दाट वस्ती, आणि उंदरांचे राज्य. पिसू आणि उंदीर यांचा प्लेगशी संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने सिद्ध केला तो १८९८ मध्ये. तोवर नगरपालिका गटारे कार्बोलिकने धूत होती, छपरांची कौले उचलून घरात ऊन पाडत होती, अंथरुणे जाळत होती. सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास माणसे गावाकडे पळाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरझडती, सक्तीने इस्पितळ, विलगीकरणाच्या छावण्या. हे सारे कागदावर सर्वांसाठी होते, पण दार फुटायचे ते चाळीचे. ज्याच्याकडे मलबार हिलला बंगला होता त्याला छावणीची भीती नव्हती.

याच सुमारास, ऑक्टोबर १८९६ मध्ये, वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला, आणि १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत हिंडणारा हा संशोधक. सरकारनेच त्यांना बोलावले होते, पण दिले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या पेटिट प्रयोगशाळेतली एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई. ती प्रयोगशाळासुद्धा सरकारची नव्हे, एका पारशी दात्याच्या पैशाची. एवढ्या सामग्रीवर हाफकिन यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या बंद्यांना ती टोचली गेली. टोचलेल्यांत आजार कमी आढळला.

लस कशी बनत असे हे सांगण्यासारखे आहे. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांपासून जंतूंचे धागे खाली लोंबत वाढतात. मग सारे तापवून जंतू मारायचे. युरोपात असा रस्सा गोमांसाचा करीत. हाफकिन यांनी तो बकऱ्याच्या मांसाचा केला. हिंदूची अडचण नको, मुसलमानाचीही नको. प्रयोगशाळेत बसून समाज ओळखणारा शास्त्रज्ञ कसा असतो, याचे हे उदाहरण आम्हाला फार आवडते.

परंतु एका खोलीतून साऱ्या शहराला पुरेल एवढी लस निघत नाही. जागा हवी, माणसे हवीत, पैसा हवा. आणि सरकारची खात्री पटायला वेळ लागत होता. हाफकिन यांचे बिऱ्हाड ग्रँट मेडिकल कॉलेजातून मलबार हिलच्या एका बंगल्यात, आणि तिथून खुशरू लॉजमध्ये आले. आगाखानांनी केवळ छप्पर दिले नाही, काम चालवण्याचा भारही उचलला. हे सारे कशासाठी, तर जी लस चालेल की नाही याविषयी खुद्द डॉक्टरांत एकमत नव्हते तिच्यासाठी. दवाखाना बांधणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दारात रांग दिसते. संशोधनाला पैसा देणाऱ्याला काहीच दिसत नाही. कदाचित वर्षभराने अपयश दिसते. म्हणून दवाखान्यावर दात्यांची नावे भरपूर आढळतात, प्रयोगशाळेवर क्वचित.

आणि मग त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला. अफवा पसरल्या होत्या की या सुईने माणूस मरतो, नपुंसक होतो, बाटतो. खोजा जमातीतही त्या होत्याच. आगाखानांच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग आहे : त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि ही बातमी जमातीत वेगाने पोहोचेल अशी व्यवस्था केली. इमामाने टोचून घेतले म्हटल्यावर मुरीद पुढे आले. हजारो खोजांनी लस घेतली आणि जमातीतले मृत्यू घटले. श्रद्धेचा असा उपयोग केला म्हणून आज एखादा बुद्धिवादी नाक मुरडेल. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या श्रद्धेने लोक तावीज बांधतात तीच श्रद्धा त्या दिवशी लशीकडे वळवली गेली. तिच्या मागे ज्याने पैसा ओतला होता त्याचाच दंड होता, हेही महत्त्वाचे.

ही गोष्ट इथेच संपवली तर ती दानशूराची कहाणी होईल. इतिहास तसा सरळ नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या जुलाह्यांच्या वस्तीत प्लेगची पथके शिरली. एका आजारी मुलीला इस्पितळात न्यायचे होते. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, दगड सुरू झाले, गोळीबार झाला. दंगल शहरभर पसरली; हिंदू गिरणी कामगारही तीत उतरले, गोरे सैनिक मारले गेले, आणि पाठोपाठ गोदी कामगारांनी, गाडीवाल्यांनी काम बंद केले. याच काळात खुशरू लॉज आणि मदनपुरा यांच्यात अंतर किती? पायी गेलात तर तासही लागत नाही.

मदनपुऱ्यातही मुसलमानच होते. पण ते उत्तर हिंदुस्थानातून हातमाग डोक्यावर घेऊन आलेले विणकर. त्यांना इमाम नव्हता, वाडा नव्हता, सरकारात ओळख नव्हती. खोजांनी आणि इतर सधन जमातींनी आपापली प्लेग इस्पितळे काढली होती; आपली स्त्री आपल्याच माणसांच्या हाती राहील, पडदा सांभाळला जाईल, एवढी हमी त्यांनी पैशाने विकत घेतली. जुलाह्याला तीच हमी दगड मारून मागावी लागली. आश्चर्य म्हणजे त्या दंगलीनंतर सरकारची सक्ती खरोखरच सैल झाली. आमच्यात ‘अश्राफ’ आणि ‘अजलाफ’ असा भेद नाही असे जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी १८९८ च्या मुंबईचा नकाशा समोर ठेवावा. लस एका जमातीच्या वाड्यात होती. ती जमातीबाहेर जायला सार्वजनिक संस्था लागली.

ती संस्था झाली परळला. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये पटकीने वारल्या, तेव्हापासून गव्हर्नर तिथे राहीनासे झाले होते. १० ऑगस्ट १८९९ रोजी याच वास्तूत गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले आणि खुशरू लॉजचे काम संपले. परळहून लस देशभर जाऊ लागली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी दूषित लशीने १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे तो कलंक पुसला गेला. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले.

आता थोडे आपल्याविषयी. आगाखानांचे हे कृत्य पाश्चात्त्य शिक्षणाचे फळ होते असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरेही आहे. पण कैरोचा मन्सुरी बीमारिस्तान सुलतान कलावूनने १२८४ मध्ये वक्फच्या उत्पन्नावर उभारला. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना तिथे दार उघडे होते आणि वैद्यक शिकवण्याची सोयही होती. हृदयातून फुप्फुसाकडे रक्त कसे जाते हे ज्याने प्रथम सांगितले त्या इब्न नफीसने मरताना आपले घर आणि ग्रंथसंग्रह याच इस्पितळाला दिला. खुशरू लॉजचा वंश शोधायचा तर तो इथवर नेता येतो.

आज आपल्या वस्त्यांत रुग्णवाहिका आहेत, रमजानात औषधवाटप आहे, डोळ्यांची शिबिरे आहेत. करोनाच्या पहिल्या लाटेत आपल्या तरुणांनी अनोळखी मयतींचे दफन-दहन केले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये मुस्लिमबहुल भागांत लस घ्यायला लोक कचरतात म्हणून राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना सलमान खानची मदत घेण्याचे बोलावे लागले! सव्वाशे वर्षांपूर्वी इमामाचा दंड होता, या वेळी नटाचा शोध घ्यावा लागला. सदका-ए-जारियाचा पैसा संशोधनाकडे वळावा असे आपल्याकडे कुणी सुचवत नाही. मशिदीच्या मिनाराला दाता मिळतो, रक्ताच्या नमुन्यांच्या अभ्यासाला मिळत नाही.

मदनपुऱ्याच्या त्या जुलाह्यांचे भाऊबंद भिवंडीत आणि मालेगावात यंत्रमागावर काम करतात. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो, खोकला जडतो. सोमवारी कामावर परतताच छाती आवळते. वैद्यकात या आजाराला नाव आहे, बिसिनोसिस. मालेगावात तो किती जणांना आहे, त्यातल्या कितींवर क्षय म्हणून उपचार होतात, घरातल्या बाया-पोरांच्या छातीत काय चालले आहे, हे मोजायला वाडा लागणार नाही. काही तरुण डॉक्टर, फुंकर मोजण्याची काही यंत्रे, दोन-तीन वर्षांचा खर्च, आणि तपासणीसाठी दार उघडताना घरच्यांना ज्याचा भरवसा वाटेल असा मोहल्ल्यातला एखादा माणूस, एवढे पुरेल.