घरीं बांधलेलें विमान

अंजनवेलच्या गोपाळगडाच्या तटावर उभें राहिलें म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावर घिरट्या घालणारी घार दृष्टीस पडते. पंख किंचित् कलते करून ती खालीं झेपावते आणि क्षणांत पुन्हां वर जाते. आपणही तसें करावें, आणि तेंही स्वतःच्या हातांनीं बांधलेल्या यंत्रांत बसून, ही मनुष्याची हौस जुनी आहे.

हा विषय निघाला कीं आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव निघतें. 1895 सालीं त्यांनीं मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, अशी आख्यायिका आहे. ती ऐकावयास गोड वाटते. परंतु त्या उड्डाणाची विश्वसनीय समकालीन नोंद मिळत नाहीं, आणि दुसऱ्यास तें यंत्र बांधून पाहतां येईल असा आराखडाही हातीं नाहीं.

उलट उदाहरण अमेरिकेंतील कर्टिस पिट्स यांचें. 1944 च्या सुमारास त्यांनीं हवाई कसरतींसाठीं एकाच आसनाचें चिमुकलें दुपंखी विमान बांधलें. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लांकडी पंख, वर कापडाचें आच्छादन. पंखांचा विस्तार अवघा 17 फुटांच्या आसपास. पुढें त्यांनीं आराखडे विक्रीस काढले, सुट्या भागांचे संचही मिळूं लागले, आणि हौशी माणसें घरच्या मोटारखान्यांत विमानें बांधूं लागलीं. सुधारलेल्या नमुन्यांत पंखाचा वरचा व खालचा बांक सारखाच ठेवल्यामुळें विमान उलटें होऊनही चांगलें उडूं लागलें. 1972 सालीं फ्रान्समध्यें चार्ली हिलार्ड याच जातीच्या विमानांतून जगज्जेते झाले. संच मिळाला म्हणजे श्रम चुकले असें मात्र नव्हे. एक जोड कच्चा राहिला तर त्याची किंमत बांधणाऱ्यालाच आकाशांत मोजावी लागते.

महाराष्ट्रांत अमोल यादव यांनीं कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें. तें सहा आसनांचें. कसरतीचें नव्हे, संचांतून जुळविलेलेंही नव्हे. 2016 सालीं तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. सरकारी नोंदणी 2017 सालीं झाली, उड्डाणाची परवानगी 2019 सालीं मिळाली. हा विलंब मनाला बोंचतो. तथापि आराखडा, तपासणी आणि नोंद यांवांचून पराक्रमाची दंतकथा होते, इतिहास होत नाहीं.

तळपद्यांच्या जिज्ञासेला नमस्कार करावा. परंतु मुलांना विमानाचा इतिहास सांगतांना चौपाटीच्या आख्यायिकेपाशीं न थांबतां त्या गच्चीपर्यंत यावें. तेथें दाखवावयास विमान आहे.