शेणवी, शेणै, शेणॉय : एका आडनावाचा प्रवास

आडनावांच्या अभ्यासाकडे आपल्याकडे बहुधा कुलाभिमानाच्या दृष्टीने पाहिले गेले आहे. आपले कूळ किती प्राचीन आणि किती प्रतिष्ठित, हे ठरविण्यासाठी आडनावाची व्युत्पत्ती शोधावयाची, अशी ती रीत होती. पण भाषेच्या अभ्यासकाला आडनाव हे निराळ्याच कारणासाठी मोलाचे वाटते. माणसे स्थलांतर करतात तेव्हा घर, शेत आणि देऊळ मागे राहते. नाव मात्र बरोबर जाते, आणि जेथे जेथे ते जाते तेथील भाषेचा ठसा त्यावर उमटतो. ‘शेणवी’ या नावाच्या निरनिराळ्या रूपांवरून या प्रवासाचे काही टप्पे कसे उलगडतात, ते दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती अशी की, गोमंतकातील सासष्टी म्हणजे सहासष्ट आणि तिसवाडी म्हणजे तीस, मिळून शहाण्णव वसाहती. त्यांत राहणारे ते ‘षण्णवति’, म्हणजे शेणवी. सह्याद्रिखंडातील वसाहतींच्या कथेशी ही समजूत निगडित आहे. तो ग्रंथ जेर्सन द कुन्या यांनी १८७७ साली मुंबईत छापून प्रसिद्ध केल्यानंतर तिला विशेष बळ मिळाले. परंतु ध्वनिदृष्ट्या ही व्युत्पत्ती टिकत नाही. संस्कृत ‘षण्णवति’पासून मराठीत ‘शहाण्णव’ झाले आहे. त्याच शब्दापासून ‘शेणवी’तील एकार कसा आला, हे सांगता येत नाही.

दुसरे आणि अधिक निर्णायक कारण कोरीव लेखात आहे. अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेखात कोकणचा राजा केसीदेवराय याच्या महाप्रधानाचे नाव ‘भइर्जु सेणुई’ असे दिले आहे. या लेखाचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. काही संशोधक तो याहून सुमारे दोन शतके अलीकडचा मानतात. कोणतेही वाचन स्वीकारले तरी दोन गोष्टी स्पष्ट राहतात. एक, या शब्दाच्या आरंभी मुळात दंत्य सकार आणि एकार होता. दोन, हा शब्द राजसेवेतील मोठ्या अधिकाऱ्याच्या नावाला जोडलेला आहे; वसाहतींच्या संख्येशी त्याचा संबंध दिसत नाही. सकाराचा पुढे शकार झाला, तो मराठीच्या परिचित नियमाने. इकार किंवा एकार पुढे असता स चा श होतो : सिंदूर–शेंदूर, सिंचणे–शिंपणे, सीव्–शिवणे. त्याच वाटेने ‘सेण’चे ‘शेण’ झाले.

मग हे पद कोणते? दोन पक्ष संभवतात. कानडी शिलालेखांत ‘सेनबोव’ हा शब्द लेखनिक किंवा हिशेबनीस या अर्थाने वारंवार येतो; त्याचाच वंशज म्हणजे कर्नाटकातील गावचा शानभोग. अर्थाच्या दृष्टीने हा पक्ष आकर्षक आहे, कारण लेखन, हिशेब आणि दुभाषाचे काम ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची वृत्ती होती. परंतु ‘सेनबोव’च्या ओकारान्त शेवटापासून ‘सेणुई’ व ‘शेणवई’ यांचा ईकारान्त शेवट निघणे कठीण. उलट, संस्कृत ‘सेनापति’चे प्राकृतात ‘सेणावइ’ होते, आणि त्यापासून ‘सेणवइ’, ‘शेणवई’, ‘शेणवी’ ही परंपरा निर्वेध लागते. ‘दलपति’पासून ‘दळवइ’ व ‘दळवी’ झाले, ते याच साच्याने. सेनापतीचा लेखनिक कसा झाला, अशी शंका कोणी घेईल. पण पदव्यांचा दर्जा कालांतराने उतरतो, हा नेहमीचा अनुभव आहे. एके काळी सैन्याच्या किंवा प्रदेशाच्या प्रमुखास लावले जाणारे ‘नायक’ व ‘प्रभु’ हे शब्द आज हजारो घरांची साधी आडनावे झाले आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, रूप ‘सेनापति’कडून आले; पुढे लेखनवृत्तीच्या लोकांत ते रूढ झाले, त्या वेळी शेजारच्या ‘सेनबोव’ शब्दाच्या अर्थाची छाया त्यावर पडली. काही असो, मुळात हे कुळाचे नाव नव्हते, पदाचे होते, एवढे निश्चित.

आता स्थलांतराकडे वळू. गोमंतकातील शेणव्यांचे पूर्ण नाव दुहेरी असे : आधी ‘शेणवी’ ही पदवी, आणि नंतर गावावरून आलेले ‘-कर’ प्रत्ययान्त नाव. गोव्याच्या दप्तरखान्याचे थोर संशोधक पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांच्या नावात ही जोडी अखंड राहिली आहे. पोर्तुगीज लिपिकांनी याच पदवीचे ‘सिनाय’ असे रूप केले, आणि गोव्यातील अनेक घराण्यांच्या कागदोपत्री नावांत ते टिकले.

तिसवाडी १५१० साली व सासष्टी १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेली. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण सभा स्थापन झाली. त्याच वर्षी कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून आदिलशाही मुलखातील प्रियोळास नेण्यात आला. १५६७ साली सासष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, त्या याच संकटकाळात. देवांनी नदी ओलांडली, तशी अनेक कुटुंबांनीही ओलांडली. काही अंत्रुज महालात थांबली, काही घाट चढून वर गेली, आणि पुष्कळशी समुद्रमार्गे कानडा किनाऱ्याच्या बंदरांतून थेट कोचीपर्यंत पोहोचली. व्यापारानिमित्त दक्षिणेकडे जाणे त्यापूर्वीही चालू होतेच. पण घरदार उचलून जाण्याचा मोठा ओघ सोळाव्या शतकाचा. एक शतक उलटल्यावर कोचीत या समाजाची भाषा व लिपी जिवंत होती, याचा लेखी पुरावा आहे. डच अधिकारी व्हान रीडे याच्या मलबारी वनस्पतिग्रंथाच्या १६७८ साली निघालेल्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित व आपू भट या वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेले आहे.

येथे आडनावांच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट दिसते. जे उत्तरेकडे, म्हणजे कोकण, मुंबई व देश या भागांत गेले, त्यांनी पुढे गावाचे नाव ठेवले आणि पदवी सोडली. जे दक्षिणेकडे गेले, त्यांनी पदवी ठेवली आणि गाव सोडले. म्हणून मुंबईत वागळे, केरकर, काकोडकर भेटतात, तर मंगळूर व कोची येथे शेणै, पै, कामत, प्रभू. याचे कारण भावनेत नाही, व्यवहारात आहे. नाव हे माणसा-माणसांतील भेद दाखविण्यासाठी असते. मराठी मुलखात ‘-कर’ प्रत्ययाची पद्धत सार्वत्रिक होती, आणि तेथे ‘शेणवी’ हे सगळ्या जातीचेच नाव झाल्याने त्याने भेद दाखविला जात नसे. कानडा व मलबारात गोव्यातील खेड्याचे नाव ऐकणाऱ्यास निरर्थक होते. पदवी मात्र एका कोंकणी घराला दुसऱ्यापासून वेगळे करीत असे. हा नियम एकदम रुळला नाही, हेही सांगितले पाहिजे : १७१५ साली वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा बांधणारे मुंबईचे रामा कामाती पदवीनेच ओळखले जात. आणि महादजी शिंद्यांच्या सेवेतील जिवबादादा केरकर हे बक्षीगिरीमुळे ‘जिवबादादा बक्षी’ झाले. जुने पद विसरले, त्या जागी नवे पद आले.

रूपांचा भेदही प्रदेशाला धरून आहे. मराठीने ‘शेणवई’तील वकार राखला व शेवटचे स्वर आखडून ‘शेणवी’ केले. कोंकणीने वकार गाळून ‘शेणै’, ‘शणै’ केले. कानडीत ‘शेणै’ व मलयाळममध्ये ‘शेणायि’ लिहितात. या उच्चाराला रोमन लिपीत ओकाराचे लेखन मिळाले, आणि त्या लेखनावरून मराठी वृत्तपत्रांनी ‘शेणॉय’ हे रूप बनविले. म्हणजे ज्या मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर हा शब्द दगडावर कोरला गेला, तेथेच तो मंगळूर व कोचीचा फेरा करून परका होऊन परत आला. मुंबईत शेणवी व शेणॉय ही दोन वेगळी आडनावे मानली जातात. ती एकच आहेत.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकात या समाजाच्या ब्राह्मण्याविषयी वाद माजला, आणि ‘शेणवी’ हा शब्द काहींना उणेपणाचा वाटू लागून ‘सारस्वत’ हे नाव पुढे आले. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६) यांनी मात्र ‘शणै गोंयबाब’ हे टोपणनाव घेऊन तोच शब्द अभिमानाने मिरविला. गोव्याबाहेरील गोवेकरांच्या वसाहतींवर त्यांनी ग्रंथही लिहिला. पण या वादात एक तिसरा पक्ष विसरला गेला. जे गावातच राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. त्यांच्याकडे गावकीतील वाटा राहिला, पूर्वजांची भूमी राहिली. पदवी मात्र लोपली. बाहेर पडलेल्यांकडे पदवी राहिली, भूमी गेली. एकाच वांगडाच्या दोन शाखांपैकी एकीने नाव जपले आणि दुसरीने गाव. म्हणून केवळ आडनावावरून कुळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास त्याचा अर्धाच भाग हाती लागेल. उरलेला अर्धा सासष्टीच्या गावकीच्या दप्तरांत, निराळ्या आडनावांखाली नोंदलेला आहे, आणि दोन्ही एकत्र वाचल्यावाचून या कुळांचा इतिहास पूर्ण होणार नाही.