काळ्या रंगातली वीज

‘प्लॅस्टिकमधून वीज जात नाही’ हे वाक्य मी धुळ्याच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवलं. जळगाव तर पीव्हीसी पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटयांचं गाव. तिथं हे वेगळं सांगायला नको. पण हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याची गोष्ट आपल्या कापसाच्या वाटेनं जाते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव त्या काळात खानदेशातली कापसाची मोठी पेठ होती. माल मुंबई बंदरातून विलायतेला जाई.

त्याच लँकेशायरमध्ये, ॲक्रिंग्टन गावी, जॉन लाइटफूट कापडावर पक्का काळा रंग छापण्याच्या खटपटीत होता. त्याचं द्रव्य होतं ॲनिलीन. ते प्रथम निळीपासूनच मिळालं होतं आणि त्याच्या नावाचं मूळही आपल्या ‘नीली’ शब्दात आहे. लाइटफूटच्या ध्यानात आलं, की लाकडी ठशानं छापलं तर रंग उठत नाही, तांब्याच्या रुळानं छापलं की उठतो. रुळाचं थोडं तांबं विरघळून त्याचे आयन मिश्रणात उतरत आणि ॲनिलीनचे रेणू एकमेकांत गुंफण्याच्या क्रियेला वेग देत. १८६३ साली त्यानं तांब्याचा क्षार मिसळून केलेल्या काळ्या रंगाचं पेटंट घेतलं. आदल्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी ॲनिलीनच्या द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमवर गडद निळसर थर जमला होता.

दोघांच्या हाती आलेला पदार्थ आजच्या पॉलिॲनिलीनच्या कुळातला. पण रंगाऱ्याला रंग पक्का हवा होता. त्यातून वीज जाते का, हे पाहायचं त्याला कारण नव्हतं.

हा प्रश्न जगभर गाजला तो १९७७ साली. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या पापुद्र्याला ब्रोमीन, आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे घडतं कसं? पॉलिमरची साखळी म्हणजे बाजाराच्या दिवशी खचाखच भरलेली एसटी. कुणाला हलता येत नाही. दोन प्रवासी उतरले की माणसं सरकू लागतात. आयोडीन किंवा फेरिक क्लोराइडमधले लोहाचे आयन साखळीतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतात. यालाच डोपिंग म्हणतात. धातू मिसळला म्हणून त्या धातूतून वीज वाहते, अशी अनेकांची समजूत असते. तसं नाही. लोह फक्त जागा मोकळी करतं. वीज वाहते ती पॉलिमरच्याच साखळीतून. पॉलिॲनिलीनमध्ये तर साधं आम्लही हे काम करतं. आम्लात ते हिरवं आणि वाहक असतं. अमोनिया घातला की निळं पडतं आणि वाहकता जाते.

या गोष्टीचं पुढचं पान जळगावात लिहिलं गेलं. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (२०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे) प्रा. पी. पी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनिलीनच्या भावकीतल्या पॉलिमरांचे थर विजेच्या साह्यानं तांब्यावर आणि पोलादावर चढवले आणि त्यांनी धातूची झीज किती रोखली जाते, हे तपासलं. ज्या तांब्यानं लाइटफूटला काळा रंग दिला, त्याच तांब्याला आता हा पॉलिमर सांभाळतो आहे.

दीडशे वर्षांपूर्वी आपला कापूस तिकडे गेला आणि रंगाचं रसायनही तिकडेच उमगलं. गाठी बांधणाऱ्याच्या वाट्याला फक्त भाव आला आणि युद्ध संपताच तोही उतरला. ते रसायन आता आपल्याच गावात तपासलं जातं, याचं मोल मला त्या भावाहून मोठं वाटतं.

आज पुन्हा वर्गावर गेलो तर मी तेच वाक्य फळ्यावर लिहीन. पण त्यापुढं पूर्णविराम देणार नाही.